मिस एल्मीरची किंमत

तो माणूस माझ्या नावाच्या बरोबर खाली हातोडीनं ठोकत होता आणि मी धक्क्यावर खुर्ची टाकून बघत होते.

ठक, ठक, ठक, आणि मग एकदम थप्प. ठक म्हणजे लाकूड चांगलं. थप्प म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. थप्प आलं की नॉरिस जरा थांबायचा, माझ्याकडे चोरून बघायचा आणि पुढच्या फळीवर जायचा. हातातल्या कागदावर काही लिहायचा नाही.

बोटीच्या मागच्या बाजूला मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'मिस एल्मीर'. ती मीच. आमच्या खाडीवर कोळंबीच्या बोटीला बायकोचं नाव देतात, आणि बायकोनं सत्तरी ओलांडली तरी तिला मिसच म्हणतात. माझ्या नवऱ्यानं, क्लोव्हिसनं, ही बोट परसात स्वतःच्या हातानं बांधली. बांधून झाल्यावर कळलं की ती फाटकातून बाहेर निघत नाही. कुंपण तोडावं लागलं.

"आधी मोजायचं नाही का रे, शहाण्या?" मी म्हटलं.

"तुला घरात आणताना तरी कुठं मोजलं होतं," म्हणाला.

क्लोव्हिसला जाऊन बरीच वर्षं झाली. कागदोपत्री बोट आता माझ्या मुलाची, केरविनची, आणि चालवतोही तोच. पण नाव माझं आहे, तेव्हा शेवटचा शब्दही माझाच. हे आमच्या घरात मांजरालासुद्धा ठाऊक आहे.

बोटी तपासणाऱ्या नॉरिसला बोलवायची वेळ आली ती नातीमुळे. खरं म्हणजे सरकारमुळे, पण सरकारला धक्क्यावर बोलावून चार शब्द सुनावता येत नाहीत.

लेनी ही केरविनची थोरली. तिला कॉलेजात जाऊन लोकांचे दात साफ करायचं शिक्षण घ्यायचं होतं.

"या गावात लोकांची तोंडं बंद कशी करायची ते शीक बाई," मी म्हटलं. "उघडायला कुणी सांगितलंय?"

ती हसली. तिचे दात फार सुंदर आहेत. माझ्यावर गेलेत. माझे होते तेव्हा.

कॉलेज फुकट नसतं. पण सरकार गरजू घरांतल्या मुलांना मदत देतं आणि ती परत फेडावी लागत नाही. त्यासाठी दरवर्षी अर्ज भरायचा. त्या हिवाळ्यात एका रविवारी लेनी जेवणाच्या टेबलावर आपला कॉम्प्युटर घेऊन बसली. चुलीवर गंबो, म्हणजे आमचं कोळंबीचं दाट कालवण, रटरटत होतं. हा अर्ज आता नवा झाला होता. केरविनलाही आपलं वेगळं खातं उघडून होकार द्यावा लागला. तो दिल्याबरोबर घराच्या मिळकतीचे आकडे सरकारनं सरकारच्याच करखात्याकडून परस्पर घेतले. मला गंमत वाटली. एवढं सगळं तुम्हाला माहीत आहे तर विचारता कशाला?

मग बोटीचा प्रश्न आला. माझ्या मुलीची मुलगी शिकली तेव्हा असलं काही विचारत नसत. घरचा छोटा धंदा कुणी मोजायचं नाही. मधे कधीतरी वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी नियम बदलले आणि आता बोट, जाळी, परवाना सगळं संपत्तीत धरायचं झालं.

"बाबा, बोट आज विकली तर किती येतील?" लेनीनं विचारलं.

केरविननं माझ्याकडे बघितलं. मी भात वाढत होते.

"दोन लाख डॉलर," मी म्हटलं.

माझी सून टॅमी, तिचा चमचा हवेतच राहिला. "आई, दोन लाख?"

"का? कमी वाटतात तुला?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"मग गंबो खा. निवतंय."

लेनीची बोटं टाइप करायची थांबली होती. केरविन आपल्या वाडग्यात बघत म्हणाला, "लिही. मॉमॉ म्हणतेय ना, मग लिही."

मॉमॉ म्हणजे मी. आमच्याकडे आजीला असंच म्हणतात.

दोन लाख हा आकडा मी काही त्या दिवशी हवेतून काढला नव्हता. क्लोव्हिसला मातीत ठेवलं त्याच आठवड्यात पलीकडच्या काठावरचा एक माणूस टोपी हातात धरून आला होता. बाईमाणूस आहात, बोट कशी सांभाळणार, मी घेऊन टाकतो म्हणाला. आणि एवढासा आकडा बोलला. मी म्हटलं, "क्लोव्हिस गेलाय, मी नाही. दोन लाखांच्या खाली मिस एल्मीर जागची हलायची नाही." तेव्हापासून खाडीच्या दोन्ही काठांवर तो आकडा सगळ्यांना पाठ होता. वाद कुणी घातला नाही. घ्यायलाही कुणी आलं नाही.

वसंतात कॉलेजचं उत्तर आलं. लेनी परसातल्या पायरीवर बसून रडत होती.

"काय झालं गं?"

"ते म्हणतात आपल्याला मदतीची गरज नाही. आपल्याकडे खूप संपत्ती आहे, असं म्हणतात."

खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. इतक्या वर्षांनी सरकारनंही मान्य केलं. "मग त्यात रडण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं.

"मॉमॉ, श्रीमंतांना सगळे पैसे भरावे लागतात. नाहीतर कर्ज काढायचं. तेवढं कर्ज नको म्हणतात बाबा." तिनं नाक पुसलं. "असू दे. एक वर्ष औषधांच्या दुकानात काम करते. नंतर बघू."

ते 'नंतर बघू' मला चांगलं ओळखीचं आहे. टॅमीनंही बरोबर ह्याच वयात म्हटलं होतं, आणि ती अजून इस्पितळाच्या खिडकीत बसून लोकांची नावं लिहून घेते. माझी शाळा तर चौथीत सुटली. आमच्या घरची भाषा फ्रेंच, ती वर्गात बोलले म्हणून बाईनं हातावर पट्टी मारली, तेव्हा मी दप्तर उचललं आणि घरी आले. 'नंतर बघू' म्हणायचीसुद्धा वेळ आली नाही.

"कॉलेजात मदतीचे अर्ज बघणारी कुणी बाई असेल, तिच्याशी बोललीस?" मी विचारलं.

"बोलले. चांगली आहे ती. म्हणाली, अर्जातला एखादा आकडा चुकला असेल तर दुरुस्त करता येतो. बोटी तपासणारा असतो ना, त्याचा कागद लागेल." मग तिनं मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. "आकडा चुकलाय का, मॉमॉ?"

मी पाठ वळवली. दोरीवरचे कपडे काढायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरविनला कॉफी देताना म्हटलं, "नॉरिसला बोलाव."

त्यानं कप खाली ठेवला. "आई, नक्की?"

"मी तुला प्रश्न विचारला का? बोलाव म्हटलं."

तर असा तो नॉरिस हातोडी घेऊन आला होता. त्याचा बाप आणि क्लोव्हिस एकत्र जाळी विणायचे. हा स्वतः माझ्या टेबलावर जेवून मोठा झालेला. बोटीभोवती सगळं ठोकून झाल्यावर त्यानं कपाळ पुसलं आणि माझ्या खुर्चीजवळ येऊन उकिडवा बसला. लेनी मागे खांबाला टेकून उभी होती. केरविन उगाच एक दोर गुंडाळत होता.

"मिस एल्मीर," नॉरिस हळूच म्हणाला, "लाकूड जुनं आहे. पण मिस्टर क्लोव्हिसच्या हाताचं काम आहे. मी चांगला आकडा लिहितो. तुम्ही काळजी करू नका."

"चांगला म्हणजे?"

"एक लाख? सव्वा लाख?"

त्याची चूक नव्हती. त्याला बोलावतात ते विम्यासाठी नाहीतर बँकेसाठी, आणि तेव्हा सगळ्यांना आपली बोट राणी असावी असं वाटतं. शिवाय माझा स्वभाव त्याला माहीत.

मी उठले. "चल वर."

"कुठं?"

"बोटीवर. दुसरं काय आहे इथं चढायला?"

केरविननं हात पुढे केला. मी तो धरला नाही. धक्का आणि बोट यांच्यामध्ये एका पावलाचं पाणी असतं. ते मी माझं मी ओलांडलं.

"केरविन, बर्फाच्या कप्प्यामागची ती पातळ फळी काढ."

तो जागचा हलेना. "आई..."

"काढ."

रंगवलेली फळी निघाली. मागे क्लोव्हिसनं बसवलेलं सायप्रसचं लाकूड होतं. मी अंगठा टेकवला तर आत गेला, शिळ्या पावासारखा.

"हे लिही," मी नॉरिसला म्हटलं. "आणि इंजिन. हे बोटीचं नाही, मोडीत काढलेल्या ट्रकचं आहे. तेही लिही. आणि तो आवाज ऐकतोयस?"

खालून पंपाची घरघर येत होती.

"आत आलेलं पाणी काढतोय," नॉरिस म्हणाला.

"कधी बंद होतो?"

नॉरिसनं केरविनकडे बघितलं. केरविन म्हणाला, "होत नाही."

"मग लिहीत का नाहीस? पेनातली शाई संपली का?"

नॉरिसनं पेन कागदावर टेकवलं. मग म्हणाला, "हे सगळं मला बाहेरूनच कळलं होतं, मिस एल्मीर."

"मला घरात बसून कळलं होतं. आता आकडा सांग. आणि मोठ्यानं सांग, पोरीला ऐकू गेलं पाहिजे."

"अठरा हजार," नॉरिस म्हणाला. "जाळी धरून."

"खुर्ची धरलीस का त्यात? खुर्ची माझी आहे."

लेनी खुदकन हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात धरला. पण माझं लक्ष केरविनकडे होतं. त्यानं लांब श्वास सोडला आणि त्याचे खांदे खाली आले, जसे बर्फाच्या लाद्या उतरवल्यावर येतात. पन्नाशीचा झाला माझा मुलगा. हा आकडा तो किती वर्षं एकटाच घेऊन हिंडत होता, ते तेव्हा मला दिसलं.

कागद गेला, अर्ज दुरुस्त झाला, मदत मिळाली. ऑगस्टमध्ये पांढऱ्या कोळंबीचा हंगाम उघडला त्याच आठवड्यात लेनी दोन बॅगा आणि माझी एक कढई घेऊन कॉलेजात गेली.

केरविन त्या हंगामात दोनच फेऱ्या गेला. परदेशातून गोठवलेली कोळंबी येते, त्यामुळे धक्क्यावर मिळणाऱ्या भावात बर्फ आणि डिझेलही सुटत नाही. हे काही नवीन नव्हतं. नवीन हे की तो स्वयंपाकघरात येऊन, टोपी काढून, माझ्यासमोर बसला.

"आई, नदीवर मालाचे पडाव ओढणाऱ्या टगबोटीवर एक जागा आहे. दोन आठवडे काम, एक आठवडा घरी. विमा पण देतात."

दोन लाखांची बोट सोडून कुणी दुसऱ्याच्या टगबोटीवर दोर ओढायला जात नाही. अठरा हजारांची सोडून जाता येतं. इतकी वर्षं तो माझ्या आकड्याची नोकरी करत होता.

"कॉफी घे," मी म्हटलं. आमच्या घरात याचा अर्थ 'जा' असा होतो. त्याला कळलं.

थंडी सुरू झाली तेव्हा लेनी सुट्टीला आली. पुढच्या वर्षाचा अर्ज भरायचा होता. केरविन नदीवर होता, त्यानं आपला होकार तिकडूनच फोनवरून दिला. मी इस्त्रीचा झगा घातला, केस विंचरले आणि टेबलाशी बसले. आठवडाभर कांदे सोलताना मी सराव केला होता. अठरा हजार. अठरा हजार. आवाज न कापता म्हणता यायला लागलं होतं.

लेनी टाइप करत राहिली. मग तिनं कॉम्प्युटर मिटला. "झालं."

"आणि बोट?"

"बोटीचं आता सांगायचं नाही, मॉमॉ. नियम पुन्हा बदलला. घरच्या मासेमारीच्या बोटी आता मोजत नाहीत."

"मग तू काय लिहिलंस?"

"काहीच नाही."

भांड्यात कॉफी उकळत होती. एक वर्ष आधी बदलला असता तर, हे ती बोलली नाही. मीही बोलले नाही. पोर मोठी झालीय, काय गिळायचं ते तिला कळतं. मी उठून कॉफी उतरवली आणि दोन कप भरले.

"तू तयार होऊन बसली होतीस ना?" ती म्हणाली.

"झगा धुतलेला होता म्हणून घातला."

"मग मला सांग. मी कुठं लिहिणार नाही. किती किंमत आपल्या बोटीची?"

मी साखर घातली, नीट ढवळली.

"दोन लाख," मी म्हटलं.

लेनीनं मान डोलावली. हसली नाही.

संध्याकाळी खुर्ची घेऊन मी धक्क्यावर गेले. पंप घरघरत होता आणि नळीतून पाणी खाडीत परत पडत होतं. बोट मागच्या बाजूनं थोडी बसली आहे, पण अजून माझ्या नावाच्या खाली वीतभर लाकूड कोरडं दिसतं. मी खुर्ची तिथंच, त्या अक्षरांसमोर ठेवली आणि बसले.