दुसऱ्या पाटाचा सांधा

काडेपेटीच्या काडीचा तो स्टेशनमास्तर आज जरा डावीकडे कललेला दिसत होता. ब्रशच्या टोकानं त्याला सरळ करावं की असाच राहू द्यावा, हे दत्तात्रेयाला ठरवता येईना. उंची पाऊण इंच, अंगात काळा कोट, हातात मुगाच्या सालीएवढी हिरवी झेंडी. एकोणीस वर्षं हा गृहस्थ मोटी आमली स्टेशनावर उभा होता, आणि मोटी आमली हे स्टेशन डभोई लाईनवर कितीही शोधलं तरी सापडलं नसतं, कारण ते दत्तात्रेयानं मनातून काढून प्लायवूडवर बसवलेलं होतं. खिडकीतून आलेलं तिरपं ऊन प्लॅटफॉर्मवर पडलं होतं, त्यात धूळ सावकाश तरंगत होती... छोटी गाडी आत्ताच निघून गेलीय आणि मागे राहिलेल्यांना घरी जायची काही घाई नाही, असं काहीसं त्या उन्हात होतं.

"अहो, चहा निवला," स्वयंपाकघरातून निरुपमा म्हणाली. "मास्तरला रजा देऊन या आता. दुपारी जायचंच आहे त्याला."

जायचंच आहे. चार वाजता टेम्पो येणार होता.

अकोट्याचं हे टेनामेंट, हे जिन्याचं घर, विकून दोघं पुढच्या आठवड्यात वासण्याला लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होती, कारण दत्तात्रेयाच्या डाव्या गुडघ्यानं जिन्यापुढे हात टेकले होते. फ्लॅटचा हॉल केवढा, तर सोफा ठेवला की टीपॉयनं अंग चोरून बसावं. तिथं चौदा फुटांची रेल्वे कुठली मावायला! चार पाट — म्हणजे पाय लावलेल्या चार फळ्या — एका रांगेत जोडले की त्यांच्यावर डोंगर, बोगदा, ओढ्यावरचा पूल, मोटी आमली स्टेशन आणि या सगळ्याला वळसा घालून जाणारे रूळ, असा तो संसार. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात चार्जमन असताना सुट्टीच्या दिवशी बसून त्यानं तो उभा केला होता. इंजिनाच्या पोटात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर होती. दरवर्षी गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये छंद-प्रदर्शन भरे, त्यात सगळ्यात मोठी गर्दी या रेल्वेपुढे. पोरं टाचा उंचावून बघत आणि त्यांचे बाप, पोरांच्या निमित्तानं, पोरांपेक्षा जास्त वेळ बघत.

आता ती रसिकाची होणार होती. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी ही तिशीतली बाई सलग तीन वर्षं प्रदर्शनात येऊन "काका, कधी द्यायची झाली तर मला सांगा हं" असं म्हणून गेली होती. प्रतापनगरला तिच्या वडिलांच्या घरात वरचा मोठा हॉल रिकामा होता. दर शनिवारी शाळेतल्या मुलांना बोलावून गाडी चालवायची, असा तिचा बेत. त्याहून चांगलं घर मिळणार नव्हतं. दत्तात्रेयाला ते मान्य होतं. मान्य असूनही गेला महिनाभर त्याला रोज वाटत होतं की ही बाई ऐन वेळी काहीतरी कारण काढेल आणि नको म्हणेल — आणि असं वाटलं की घशाखाली घास जरा सोपा जायचा.

त्यानं वही लिहून ठेवली होती. चाळीस पानी, रेघांची. रूळ पुसायला घासलेट कितीसं, बोगद्याच्या तोंडाशी डबे का अडतात, ओढ्याच्या काचेवर सरसाचा हात कधी द्यायचा, रेग्युलेटर किती फिरवला की गाडी खरी वाटते आणि कुठे खेळण्यातली... सगळं, मुद्देसूद, कारखान्यात लिहायची सवय होती तसं. शेवटी सहीसुद्धा केली होती, जणू सेफ्टी इन्स्पेक्टर तपासायला येणार होता.

आणि आज सकाळी दाढी करताना, अर्ध्या गालावर फेस असताना, त्याला कळलं की वहीत गुडघा नाही.

वस्तरा तसाच हवेत राहिला. मी विसरलो? एकोणीस वर्षं जे केलं ते मी विसरेन कसा... मग मी वगळलं? ठरवून? पण ठरवलं असतं तर ठरवल्याचं आठवायला नको? दत्तात्रेयानं उरलेली दाढी केली, आणि हनुवटीखाली कापून घेतलं.

गुडघा म्हणजे असं. पहिल्याच प्रदर्शनात, उद्घाटनाला पाहुणे पुढे उभे असताना, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाटाच्या सांध्यावर, मागच्या बाजूच्या रुळावर, गाडी अचानक उभी राहिली. दुसऱ्या पाटाचा मागचा पाय केसभर आखूड होता, त्यामुळे तिथला रूळ केसभर खाली बसला होता आणि करंट तुटत होता. हे त्याला त्या क्षणी, पाहुण्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघता बघता, लख्ख कळलं. तो मागेच उभा होता. दोन्ही हात रेग्युलेटरवर होते. म्हणून त्यानं डावा गुडघा उचलून फळीला खालून लावला — हलकेच, झोपलेल्या माणसाला कूस वळवायला लावावी तसा — आणि गाडी चालू लागली. टाळ्या पडल्या. कोणाला काही कळलं नाही. पुढच्या फेरीला गाडी पुलावर आली तेव्हाच गुडघा आपोआप वर गेला, आणि मग एकोणीस वर्षं जातच राहिला.

त्या गुडघ्यात सुख होतं. आता कबूल करायला काय हरकत आहे? वर माणसं बघत असायची डोंगर, बोगदा, इंजिनाचा दिवा, आणि खाली अंधारात, फळ्यांना लावलेल्या पडद्याआड, तो आपला एक पाय उचलून सगळं जग तोलून धरायचा. रात्री पाय ठणकायचा तेव्हासुद्धा तो ठणका आपल्या खास मालकीचा वाटायचा. अमुक एक गोष्ट आपण नसलो तर होणार नाही, हे माणसाला आयुष्यात किती ठिकाणी खात्रीनं सांगता येतं? कारखान्यात निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी भोंगा वेळेवरच झाला असणार. त्यानं अकोट्यात गच्चीवर उभं राहून तो कानांत प्राण आणून ऐकायचा प्रयत्न केला होता आणि नदीपलीकडून काहीच ऐकू आलं नव्हतं...

"काका, आवुं के?" दारात कायनेटिक लावून रसिका आत आली. हेल्मेट नाही, ओढणी डोक्याभोवती गुंडाळलेली, हातात फरसाणाचा खोका. "टेम्पोवाला चारला पाक्का येणार. मी म्हटलं, आधी एकदा नीट शिकून घेते. काकू, केम छो? हे तुमच्यासाठी."

"मजामां," निरुपमा म्हणाली. "शिकून घे बाई. आमच्या घरी एवढी वर्षं राहून मला अजून कुणी हात लावू दिलेला नाही."

दत्तात्रेयानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो आपल्या जागी, पाटांच्या मागे जाऊन उभा राहिला. रेग्युलेटर फिरवला. गाडी मोटी आमलीहून निघाली, बोगद्यात शिरली, बाहेर आली, पूल ओलांडून सांध्यावरून गेली. तो बोलत होता — हे असं, इथे जरा कमी, इथे सोडून द्यायचं — आणि आपला आवाज त्याला दुसऱ्या खोलीतून येतोय असा ऐकू येत होता, कारण खरा तो खाली होता, गुडघ्यात. आता सांगावं. आत्ता. 'आणि हे बघा, इथे...' दुसरी फेरी झाली. तिसरी झाली. रसिका वहीतला मुद्दा आणि गाडी ताडून बघत होती, आणि ओठ हलवत वाचत होती, अगदी परीक्षेला बसल्यासारखी. तिच्या त्या ओठांची त्याला दया आली, आणि तरी तो बोलला नाही.

"आता तुम्ही," तो म्हणाला.

तो पुढे येऊन खुर्चीत बसला. या बाजूनं, बसून, त्यानं आपली रेल्वे कधी पाहिलीच नव्हती. डोंगर केवढा उंच होता! स्टेशनाची खिडकी उघडी होती, आत टेबल होतं, ते टेबल त्यानंच केलेलं आणि साफ विसरलेलं. रसिकानं मागे उभं राहून रेग्युलेटर फिरवला, गाडी निघाली, आणि दत्तात्रेयाचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट झाले. थांबू दे, असं त्याच्या आत कोणीतरी म्हणालं. स्पष्ट म्हणालं. थांबू दे, देवा. आणि आपण हे देवाकडे मागतोय याची त्याला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

गाडी पूल ओलांडून सांध्यावर आली आणि थांबली.

"अरे," रसिका म्हणाली. तिनं रेग्युलेटर मागेपुढे केला. वही उघडली. पानं उलटली. "काका, याचं काही लिहिलेलं दिसत नाही... माझं काही चुकलं ने?"

तिचं चुकलं का, असं ती विचारत होती. दत्तात्रेयानं तोंड उघडलं. शब्द जवळच होता, गुडघा, अगदी साधा शब्द, आणि तो मूग गिळून बसून राहिला.

"तुझं काही चुकलं नाही," निरुपमा दारातून म्हणाली. तिच्या हातात फरसाणाची बशी होती. "त्याला गुडघा लागतो."

"गुडघा?"

"डावा. खालून. दर गणपतीनंतर यांच्या पँटी डाव्या गुडघ्यावर विरलेल्या असायच्या, उजव्या कोऱ्या करकरीत. मी ठिगळं लावलीयत ना. एकदा पडद्यामागे येऊन बघितलं, तर हे बगळ्यासारखे उभे." ती हसली, पण त्याच्याकडे बघून तिचं हसू जरा मवाळ झालं. "मला वाटलं, वहीत लिहिलंच असेल."

तिला माहीत होतं. कधीपासून? तिनं कधी विचारलं नाही, थट्टा करायची एकही संधी न सोडणाऱ्या या बाईनं ही एक थट्टा एवढी वर्षं राखून ठेवली होती, आणि ती का, हे त्याला आत्ता, फरसाणाच्या वासात, हळूहळू कळायला लागलं...

रसिका तोवर पाटाखाली गेली होती. "काका, इथे लाकूड कसं गुळगुळीत झालंय!" खालून तिचा आवाज आला. "जाणे काच, अगदी काचेसारखं. बाकी सगळीकडे खडबडीत, आणि इथे... हात लावून बघा एकदा." मग थोडी खुडबूड. "हा पाय आखूड आहे. जरासाच. काकू, एखादा पुठ्ठा आहे का?"

निरुपमानं फरसाणाच्या खोक्याचाच पुठ्ठा फाडून दिला. रसिकानं त्याची चौघडी घातली, पायाखाली सरकवली, उठून ओढणीला हात पुसले. एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

गाडी सांध्यावरून निघून गेली.

दत्तात्रेय बघत राहिला. प्रतापनगरला त्यानं अख्खे डबे जॅकवर उचलून एका पातळीत आणले होते. भल्याभल्यांना न सापडलेले दोष त्याला नुसत्या कानानं सापडायचे. त्याला पुठ्ठा सुचला नाही? पहिल्याच संध्याकाळी सुचला होता. दुसऱ्या वर्षी निघताना तर त्यानं एक नीट लाकडाची पाचर तासून खिशात टाकली होती, हॉलपर्यंत नेली होती, आणि परत आणली होती. म्हणजे आज सकाळी दाढी करताना जो प्रश्न पडला तो खरा प्रश्नच नव्हता. वहीत लिहायचं विसरलो की वगळलं, ते जाऊ दे. मी तो पाय दुरुस्त होऊ दिला नाही. एकोणीस वर्षं मी एक पाय आखूड ठेवला, तिथे माझी गरज पडावी म्हणून.

हे इतकं वाईट होतं, आणि इतकं क्षुल्लक, की त्याला कोणावर रागावावं ते कळेना.

"काका," रसिका हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आपण दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून गेलो की काय, असा भाव होता. "पुठ्ठा काढू का? गुडघ्यानंच चालवायची असेल तर मी शिकेन. चालशे मला."

ती खरंच शिकली असती. तिच्या गुडघ्याला फळी जरा उंच पडली असती, पायाखाली चौरंग घेऊन उभी राहिली असती, दर शनिवारी. आणि पाच-दहा वर्षांनी तिचाही सांधा झिजला असता. नुसतं 'काढा' म्हणायचा अवकाश होता.

"चालू द्या," तो म्हणाला. ते 'राहू द्या' होतं की 'बघू' होतं, त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

गाडी चालत राहिली. बोगदा, डोंगर, पूल. पुलावर ती आली की त्याचा जीव सांध्यापाशी जाऊन उभा राही, डावी मांडी आत कुठेतरी आवळे, आणि गाडी कोणाचं काही न घेता पुढे निघून जाई. दर वेळी त्याला तोंडात मारल्यासारखं होई. तिसऱ्या फेरीला झालं, चौथीला झालं. निरुपमा शेजारच्या स्टुलावर येऊन बसली, बशी मांडीवर तशीच. पाचव्या फेरीला स्टेशनाच्या उघड्या खिडकीतलं टेबल त्याला पुन्हा दिसलं आणि त्याच्यावर आपण काय ठेवलं होतं ते आठवेना. चष्मा? घंटा? रजिस्टर... तो जरा पुढे वाकला. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, रसिका "आले हं" म्हणून गाडी तशीच सोडून दाराकडे गेली. रजिस्टरच असावं. नाही, शाईची दौत होती, डाळिंबाच्या दाण्याएवढी —

मग डब्यांचा आवाज त्याच्या अगदी समोरून, मोटी आमलीच्या फलाटावरून आला आणि तो दचकला. गाडी स्टेशनात होती. म्हणजे ती पुलावरून आली होती, सांधा ओलांडून आली होती, आणि त्याला कळलं नव्हतं.

"काय झालं?" निरुपमानं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. त्याला भीती वाटली होती. पण ती भीती आता कशी अंगावरून वाऱ्यासारखी निघून चालली होती, आणि ती जाऊ नये म्हणून काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. पुढच्या फेरीला नीट लक्ष ठेवायचं, असं त्यानं ठरवलं. गाडी बोगद्यात शिरली. तो वाट बघू लागला.