डावा पाय दहाचा

मोनाला राग आला की ती हातातली वस्तू खाली ठेवते. आदळत न्हाई, नीट ठेवते. ते बघून घरातले समजून जातात, आता काही खरं न्हाई.

त्या गुरुवारी सकाळी तिनं हातातली अगरबत्ती ठेवली.

मोना म्हणजे जालन्यात मस्तगडच्या मूलचंद शेठची सून. शेठचं चपला-बुटांचं दुकान. शेठ अन सासूबाई भगवतीदेवी आठ दिवसांसाठी नागौरकडं लग्नाला गेल्ते. जाताना शेठनं दुकानाची चावी लेकाच्या हातात न्हाई दिली, सुनेच्या दिली. काहून, तर लेकाच्या, म्हणजे मोनाच्या नवऱ्याच्या, नमनच्या डोक्यात एकच खूळ: दुकान बंद करायचं अन जागा मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायची. शेठ म्हणले, "आठ दिवस मोनाला बसू दे. आल्यावर बघू." शेठचं 'बघू' म्हणजे काय, हे तीस वर्षं दुकानात काम करून राह्यलेल्या वसंतालाबी कळत न्हाई. मोनाला मात्र एवढं कळलं होतं की नापास झालं की परत पापड लाटायचे.

तर गुरुवारी नऊ वाजता, फरशी आत्ताच पुसलेली, अन बोहनीचं गिऱ्हाईक दारात उभं. बाई. सहा फुटाला दोन बोटं कमी. डोक्यावर टोपी, घोट्यापर्यंत काळी माती, पायात गड्यांची रबरी स्लिपर. हातात पिशवी. तिनं ती काउंटरवर उलटी केली तर तीन जोड बूट पडले.

"तीनों जालना का," बाई म्हणली. "तीनों झूठा. ये वाला आपका."

तिचं नाव अकिन्यी. केनियाहून आल्ती, बियाण्याच्या कंपनीत वर्षभरासाठी. वडीगोद्रीजवळ कंपनीचे कापसाचे प्लॉट आहेत, तिथं दिवसभर ढेकळात चालायचं तिचं काम. हिंदी चार महिन्यात शिकलेली, पण भांडणापुरती बराबर आल्ती.

वसंता पुढं झाला. बूट त्यानंच विकला होता. त्यानं तेच सांगितलं जे तो तीस वर्षं सांगून राह्यला. "म्याडम, चमडं आहे. दोन दिवसात ढिल्लं होतं."

"भय्या, एक महिना हो गया. बूट ढीला नहीं हुआ. मैं हो गई."

मोना हसली. वसंता न्हाई हसला.

बाईनं मंग सगळं सांगितलं. शनिवारी प्लॉटवर शेतकरी मेळावा. हजार माणूस येणार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेका टोळीला घेऊन हिनंच प्लॉट फिरवायचा. मागच्या मेळाव्याला स्लिपर घालून गेली, पाटाच्या कडंला घसरली, सगळ्या लोकांसमोर पडली, अन पोट्ट्यांनी व्हिडिओ काढला. तो अजून मोबाइलवर फिरून राह्यला. लेडीजमधी सात नंबरच्या पुढं माल येत न्हाई, गड्यांचे बूट घेते तर दुकानात बराबर बसतात अन घरी गेलं की चावतात.

समोरच्या भांड्याच्या दुकानातून राधेश्याम शेठ ऐकून राह्यले होते. त्यांना सकाळी दुसरं कामच नसतं. तिथूनच ओरडले, "अहो बाई, शहागडला जा! गोदावरीत होडी मिळंल, ती घाला पायात!"

गल्ली हसली. बाईला होडी कळली का न्हाई, माहीत न्हाई, पण हसणं कळलं. तिनं बूट परत पिशवीत भरायला घेतले.

तेव्हा मोनानं अगरबत्ती खाली ठेवली.

"म्याडम, थांबा," ती म्हणली, अन मंग गल्लीकडं तोंड करून, "शनिवारी ही बाई माझ्या दुकानाचा बूट घालून दिवसभर प्लॉट फिरणार. अन लंगडणार न्हाई. राधेश्यामकाका, लिहून ठेवा तुमच्या ताटलीवर!"

नेमका तेव्हाच नमन डबा घेऊन आल्ता. "अन लंगडली तर?" तो म्हणला. आवाजात नुसता आनंद.

"तर चावी तुम्हाला, अक्षतचे पप्पा. मोबाइलवाला आणा न्हाईतर हत्ती बांधा."

"अन न्हाई लंगडली?"

"तर दुकान माझं. बाबूजीला तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडानं."

"ठरलं," नमन म्हणला. राधेश्यामनं तिथूनच अंगठा दाखवला. झालं, साक्षीदारबी मिळाला.

आता बोलून तर बसली. पण बूट कुठंय?

वसंतानं काचेतून शेतावरचा बूट काढला. तपकिरी, जाड तळ, गड्यांचा नऊ नंबर. बाईला बाकावर बसवलं अन तिचा उजवा पाय गुडघ्यावर घेतला. उजवाच. आपल्याकडं दुकानात उजवा पाय आधी, शुभ असतं. म्हणून काचेतबी उजवाच बूट मांडायचा, डावा खोक्यात आत. चोराला एक बूट काय कामाचा. बूट गेला सर्र करून. वसंतानं अंगठ्यानं पुढचं टोक दाबलं. "बघा भाभी, बराबर! बिलकुल मापाचा!"

"हमेशा बराबर," बाई म्हणली. "दुकान में हमेशा."

तिनं बूट काढला, अन उठून चार पावलं स्लिपरकडं गेली. अनवाणी. पुसलेल्या फरशीवर काळ्या मातीचे ठसे उठले.

वसंतानं पोछा उचलला.

"वसंताभाऊ, हात लावू नका!" मोना एवढ्या जोरात ओरडली की पोछा त्याच्या हातातून सुटला.

मोना फरशीवर उकिडवी बसली. उजव्याचा ठसा. डाव्याचा ठसा. परत उजव्याचा. तिनं वीत लावली. उजवा वीत अन दोन बोटं. डावा वीत अन अडीच बोटं. पुढून रुंदबी जास्ती. मंग तिनं बाईच्या पायाकडं पाहिलं. पट्टी कुठं होती? डाव्या करंगळीला. काळं नख कुठं? डाव्या अंगठ्याला. उजवा पाय एकदम साफ.

"म्याडम, किसी ने आपका बायाँ पाँव नापा?"

बाईनं विचार केला. मान हलवली. कुणीच न्हाई. तीन दुकानं, तीन जोड, अन सगळ्यांनी शुभ पाय मापून घरी पाठवली.

मोनाच्या डोळ्यांपुढून गिऱ्हाइकांची रांग गेली. भाजीवाली चांगुणाबाई, दोनदा परत आल्ती. एसटीतला तो कंडक्टर. दर बारीला वसंता म्हणायचा, दोन दिवस थांबा. अन लोक थांबायचे, बिचारे, चमड्यावर भरोसा ठेवून.

"उजवा नऊचा," मोना म्हणली. "डावा दहाचा लागतो."

वसंतानं कानाला हात लावला. "भाभी, जोडी फोडायची? बाबूजीनं तीस वर्षांत जोडी फोडली न्हाई. जोडी फोडली की उरलेला एकटा बूट जन्मभर दुकानात बसतो."

"दहाची जोडी न्हाई फोडत. दहाचा नुसता डावा हुडका."

"नुसता डावा कुठून येईल?"

मोना माळ्याकडं बोट करून उभी राह्यली. वसंता आधी समजला न्हाई, मंग समजला अन तोंड उघडंच राह्यलं. काचेतला उजवा बूट उन्हानं उडतो, रंग जातो, सहा महिन्यात कुणी घेत न्हाई. तो फेकायचा. पण त्याचा डावा खोक्यात नवाकोरा राहतो, अन नवाकोरा माल फेकायला शेठचा जीव होत न्हाई. म्हणून ते पोत्यात टाकत गेले. माळ्यावर दोन पोती होती. सगळे डावे.

दुपारभर वसंता अन मोना माळ्यावर. धूळ, झुरळं, अन डाव्या बुटांचा ढीग. शाळेचे डावे, लग्नाचे डावे, बंद पडलेल्या कंपन्यांचे डावे. मोनाच्या नाकाला काळं लागलं. खाली नमन मुद्दाम चकरा मारून राह्यला. "सापडला का गं खजिना?" विचारायचा, अन उत्तर मिळायच्या आत राधेश्यामकडं चहाला जायचा.

पहिल्या पोत्यात न्हाई. दुसऱ्या पोत्याच्या पार बुडाला हात घातला तेव्हा तपकिरी टाच लागली. हाच बूट. चार वर्षांपासून बुटाची कंपनी हाच माल देऊन राह्यली, बदललेला न्हाई. तळाला आकडा: दहा. डावा.

वसंता माळ्यावरच नाचला असता, पण छत खाली आहे.

मंग मोना खाली आली अन तिनं नऊची जोडी खोक्यातून काढली. उजवा बाजूला ठेवला. डावा उचलून पोत्यात टाकला. वसंतानं डोळे मिटून घेतले, म्हणजे आपण बघितलंच न्हाई.

शुक्रवारी सकाळी अकिन्यी आली. ह्या बारीला मोनानं तिला बाकावर बसूच दिलं न्हाई. "खडे होके. दोनों पाँव पे वजन." दोन्ही बूट घातले. बाई गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. राधेश्याम मापं घेणाऱ्यासारखे बघून राह्यले होते.

"आगे अच्छा," बाई म्हणली. "पीछे भागता है." डावी टाच बारीक होती, बुटात मागं-पुढं सरकत होती.

वसंताच्या तोंडावर ते 'दोन दिवसात' आलंच होतं. मोनानं नुसतं बघितलं, त्यानं गिळलं.

कोपऱ्यावर मच्छिंद्र मोची बसतो. त्याला मोनानं सांगितलं, टाचेला आतून गादी बसव. मच्छिंद्रनं बूट उलटासुलटा केला, बाईच्या टाचेला बोटानं मोजलं, म्हणला, "गादी लावली तर तीबी घासंल. मऊ चमडं दोन पदरी लावतो, शिवण बाहेरून घेतो. आत टाका लागला की फोड आलाच म्हणून समजा." अर्धा तास शिवून राह्यला. बाई त्याच्या शेजारी दगडावर बसली अन प्रत्येक टाका बघितला. बूट घालून उठली, चार पावलं चालली, अन थांबली. परत चालली. मंग पळत सुटली, गल्लीच्या टोकापर्यंत, अन राधेश्यामच्या दुकानापुढून वळून परत. भांडी वाजली.

पण परीक्षा शनिवारी होती. पळणं वेगळं अन दिवसभर ढेकळं तुडवणं वेगळं.

शनिवारी दुपारी नमननं मोटारसायकल काढली. म्हणला, "मी स्वतः बघणार." मोना मागं बसली. अंबड गेलं, वडीगोद्रीचा फाटा आला, मांडव दिसला. हजार कुठले, दीड हजार लोक होते. अकिन्यी सकाळी सातपासून फिरून राह्यली होती. त्यांना ती लांबूनच दिसली, कापसाच्या ओळीत, मागं पन्नास शेतकरी, अन हात वर करून सांगत होती, "ये देखो, बोंड इधर!"

नमन बांधावर बसला. त्याची नजर बाईच्या तोंडाकडं न्हाई, पायाकडं. एक टोळी गेली, दुसरी आली. पाट आला, बाईनं उडी मारली. नमन पुढं वाकला. बाई उतरली ती सरळ उभी. मोबाइल काढून बसलेली पोट्टी होती तिथं, त्यांनी मोबाइल खिशात घातले.

"आत्ता लंगडली का गं?" नमननं विचारलं.

"ढेकूळ होतं."

"मला वाटलं लंगडली."

"तुमचे डोळे लंगडून राह्यलेत, अक्षतचे पप्पा."

साडेचारला शेवटची टोळी गेली. अकिन्यी बांधाकडं आली, मोठी मोठी पावलं टाकत. नमन उठला. माणूस भांडखोर आहे पण बेइमान न्हाई. "म्याडम, बूट निकालो. फोड देखना है."

बाई बांधावर बसली, आधी डावा काढला. मोजा काढला. करंगळीवरची पट्टीबी काढली. खाली नवी गुलाबी कातडी. फोड न्हाई. लाली न्हाई. नमननं टाच बघितली, अंगठा बघितला, दोन्ही पाय उलटे करून बघितले, जसं काही फोड लपून बसला असंल.

"बराबर," तो म्हणला.

"जोरात बोला," मोना म्हणली.

"बराबर आहे! एकदम बराबर!"

अकिन्यीनं दोन्ही मुठी वर केल्या अन अशी आरोळी दिली की मांडवात जेवणारे उठले.

नमननं तिथंच फोन लावला, स्पीकरवर. "बाबूजी, दुकान मोनाचं. मी शब्द दिल्ता."

पलीकडून शेठचा आवाज आला. "राधेश्यामचा फोन आल्ता. जोडी फोडली म्हणं?"

मोनानं फोन ओढून घेतला. "फोडली, बाबूजी. नऊची. उजवा दिला."

"अन डावा?"

"पोत्यात टाकला."

मंग शेठ म्हणले, "पोतं बांधून ठेव. उंदीर आहेत." अन फोन ठेवला. शेठकडून ह्यापेक्षा मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळालेली न्हाई.

हे सगळं प्लॉटवर कापूस वेचायला आलेल्या बाया ऐकून राह्यल्या होत्या. त्यातली एक पुढं आली, उषाबाई, चप्पल हातात घेऊन. "ए ताई, माझाबी एक पाय चावतो. लोक म्हणतात पाय वाकडा. बघ की जरा."

मोनानं मांडवातून पेपर मागून घेतला, बांधावर अंथरला. उषाबाई उभी राह्यली. मोनानं पेन नमनच्या हातात दिलं. तो गुडघ्यावर बसला अन रेघ काढाय लागला. उषाबाईचा उजवा सहाचा निघाला, डावा सातचा. वाकडाबिकडा काही न्हाई.

तिच्या मागं रांग लागली. बाया, बापे, दोन शेतकरी तर बूट काढून हातात धरूनच उभे. एका म्हाताऱ्याचे दोन्ही पाय सारखे निघाले तर तो नाराज झाला. पेपर संपला, दुसरा आला. मोना नावं विचारून राह्यली, नमन पाय काढून राह्यला, अकिन्यी रांग सरळ करून राह्यली, "एक एक! धक्का नहीं!"

"शेठ, नीट काढा," चौथी की पाचवी बाई वरून म्हणली. "रेघ वाकडी गेली तर परत तुमच्याच दुकानात येणार मी, भांडायला."

"माझ्या न्हाई," नमन खाली बघूनच म्हणला. "हिच्या."

अन त्यानं पेन परत बोटाजवळून फिरवलं, ह्या बारीला सावकाश.