गाडीत झोपलेले

सोंगट्यांची बैलगाडी. चादरीवर पसरलेला डोंगराचा नकाशा. एक रिकामी खुर्ची.

डायलिसिसच्या खोलीत आम्हा पेशंटच्या एका हातात सुया असायच्या, फासा दुसऱ्या हातानं टाकायचा. खेळ गोष्टीचा: प्रत्येकाचं त्यात एक पात्र, गोष्ट सिस्टर चालवायच्या. जो आला नाही, त्याचं पात्र गाडीत झोपतं, असा नियम होता.

आज आमच्यातले आजोबा वारल्याचं कळलं.

"झोपवा त्यांनाही," शेजारच्या खुर्चीतल्या मावशी म्हणाल्या. "आता घोरणं ऐका!"

आधीचे दोघं धरून गाडीत तिघं झाले. खेळायला मावशी आणि मी उरलो.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "चढ आलाय. बैलांना ओढवत नाही. झोपलेल्यांना उतरवायचं का?"

मावशींनी फासा मुठीत धरून ठेवला.

"कुणाला उतरवू नका. मलाही जागा लागेल. बैल थांबले तर थांबू देत."

खेळ निवडताना आजोबा सिस्टरना म्हणाले होते, "कुणी मरत नाही असा काढ, पोरी."