करकोच्याचं काळं नाणं

पैजेवर सांगतो, यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! पण चहाचे पेले आधी खाली ठेवा. ऐकताना हात थरथरले तर सांडेल, आणि नाव माझं येईल.

आपल्याच कादिकॉय मोहल्ल्यात एका सात मजली इमारतीत एक गृहस्थ राहायचा. त्याला आपण सावकार म्हणू, कारण त्याच्याकडे करकोच्याचं चांदीचं नाणं होतं. टांकसाळीने ते मुद्दाम काळवलेलं, फक्त पंखांचे उंचवटे पुसून उजळलेले. त्या काळेपणालाच सारी किंमत! करकोचा इतका जिवंत, की शेजारचं मांजर वर्षभर त्या कपाटासमोर दबा धरून बसलं होतं. सावकार हातमोजे घातल्याशिवाय डबीला शिवत नसे. नाणं घेतलं त्याच दिवशी त्याने भिंग लावून त्याचा फोटो काढला, आणि पाकिटात आईच्या फोटोच्याही पुढे ठेवला.

बायरामचा सण चार दिवसांवर आला. घरोघर गालिचे झटकणं चाललेलं. सावकाराची आई मुझय्यन हानिम दोन दिवसांपूर्वीच बुर्साहून येऊन घराचा ताबा घेऊन बसलेली. त्या सकाळी सावकाराने कपाट उघडलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डबीत आरशासारखं लखलखीत नाणं!

"लुटलं! मला लुटलं!" तो जिन्यात येऊन ओरडला. "अस्सल नेलं आणि खोटं ठेवलं!"

घरात बाहेरचं येणारं एकच माणूस. गुलिझार, इमारतीच्या राखणदाराची बायको. बारा वर्षं ती त्या घराची फरशी पुसत होती. आत्ताही बादली घेऊन जिन्यातच उभी होती.

"बेय, त्या कपाटाला मी हात लावत नाही. तुम्हीच तर तशी ताकीद दिलीय."

"मग काय, जुना करकोचा उडून गेला आणि नवा येऊन बसला?"

जिन्यातली दारं किलकिली झाली. तासाभरात तीन घरांनी गुलिझारकडून किल्ल्या परत मागितल्या. एक बाई तर दाराआडून म्हणाल्या, "मला आधीपासूनच वाटत होतं हो!" काय वाटत होतं, ते त्यांनाच ठाऊक. रविवारी इमारतीची बैठक ठरली. राखणदाराला तळघरातल्या दोन खोल्या रिकाम्या करायला लावायच्या, एवढाच विषय.

बैठकीत दाखवायला लेखी पुरावा हवा, म्हणून डबी आणि टांकसाळीचं प्रमाणपत्र घेऊन सावकार बोटीने समुद्रापलीकडे गेला, थेट जुन्या छपराच्या बाजारात, वारुझान उस्ताच्या दुकानात. उस्ता म्हणजे पन्नास वर्षं नाण्यांचे ठसे कोरलेला म्हातारा कारागीर. त्याने आधी चोरीची सारी हकिकत ऐकून घेतली. त्याने नाणं तोललं. कडेवरचे दाते भिंगाखाली मोजले. फोटो मागून घेतला आणि शेजारी ठेवला. शेवटी नाणं नाकाशी नेलं.

"पुदिना," तो म्हणाला.

"काय?"

"दात घासायची पेस्ट. हे तुझंच नाणं आहे, पोरा! पंखाखाली ही केसाएवढी रेघ बघ. फोटोतही तीच. करकोचा तोच आहे, कुणीतरी त्याला आंघोळ घातलीय."

सावकार मटकन खाली बसला. तिथे स्टूल नव्हतं, तरी बसला! तिथूनच त्याने घरी फोन लावला आणि ओरडला, "आई, माझं नाणं तू घासलंस?"

"मग!" आई पलीकडून कडाडली. "साखरदाणी घासली, ताटं घासली, तुझं ते मेलं काळंठिक्कर नाणंही घासलं! बायरामचे पाहुणे काय म्हणतील? दोन तास मोडले माझे. आभार मानायचे सोडून ओरडतोस कसला?"

सावकाराने फोन ठेवला.

उस्ता शांतपणे म्हणाला, "नाणं खोटं ठरवण्याआधी काय काय आणलंस? डबी आणलीस, प्रमाणपत्र आणलंस, फोटो आणलास. बोटीने समुद्र ओलांडलास. आणि त्या बाईला चोर ठरवण्याआधी?"

"ती... जिन्यात उभी होती."

"एवढंच?"

"उस्ता, हे पुन्हा काळं करता येईल?"

"येईल. पण टांकसाळीचं ते काळं नसेल. त्या बाईच्या नावाचंही तसंच आहे. घासलं गेलंय ते. निदान उशीर तरी करू नकोस."

अरे देवा! बारा वर्षं जिने घराची किल्ली सांभाळली, तिच्यासाठी साधं भिंगही काढलं नाही! परतीच्या बोटीत सावकाराला नाण्याकडे बघवेना. त्याच संध्याकाळी तो इमारतीचे सातही मजले चढला. प्रत्येक दार ठोठावून म्हणाला, "गुलिझारने काही घेतलेलं नाही. चुकलो ते मी!" किल्ल्या परत गेल्या. बैठक बारगळली. मग गुलिझारसमोर उभा राहून त्याने मान खाली घातली, आणि ती माउली हसून म्हणाली, "जाऊ द्या हो, बेय."

तेव्हा मंडळी, एवढं लक्षात ठेवा. चांदीवर शंका आली की आपण तराजू काढतो, आणि राबणाऱ्या माणसावर आली की नुसती जीभ काढतो. यापुढे आधी तराजू काढा! आणि चूक ज्याच्या तोंडावर केली, ती त्याच्या तोंडावरच...

"थाप!"

चहाच्या दुकानाच्या दाराशी पावांची पिशवी घेऊन दुर्सुन उभा होता. इमारतीचा राखणदार. गुलिझारचा नवरा.

"आपली इमारत चार मजल्यांची आहे, नेजदेत बेय," तो म्हणाला. "चारही चढलात, ते खरं. पण गुलिझार तळघरात राहते. खाली नऊ पायऱ्या आहेत. त्या तुम्ही अजून उतरलेला नाहीत."