दोन दुधाच्या दातांचा सूड

कुणाचाही विश्वास बसणार नाही. नको बसू दे. पण प्रियदर्शनी मॅडमवर मी असा सूड उगवलाय, की आमच्या अख्ख्या मल्लेश्वरम भागात तसा कुणी उगवला नसेल.

माझी नात वल्लरी सहा वर्षांची. सूनबाई सुप्रीताने तिला महादेवपुराच्या एका मॉलमध्ये ‘छोटी राणी’ स्पर्धेत उतरवलं. ओठांना लाली, पायांत उंच टाचा. पोरींना सजवायला या प्रियदर्शनी मॅडम. बाजारात बैलाचं बघतात तसं त्यांनी वल्लरीचं तोंड उघडून बघितलं. पुढचे दोन दुधाचे दात पडलेले. “शी, गॅप दिसतोय!” म्हणाल्या आणि प्लॅस्टिकचे दात बसवले. स्टेजवर ती गात असताना ते निसटून माइकवर आपटले. सगळा मॉल हसला. मॅडम सगळ्यांत मोठ्याने.

तेव्हापासून पोर तोंडावर हात धरूनच बोलते. हसणं तर बंदच.

काल ती माझ्याशेजारी पावटे सोलायला बसली, एकाच हाताने. दुसरा तोंडावर. मी सुरू केलं.

“मी बिळाशी जाऊन उंदीरमामाला हाक मारली. म्हटलं, पोरं पडलेले दात तुला देतात, नवे तुझ्याकडे मागतात. आणि तुझ्याच गिऱ्हाइकाची अशी बेअब्रू? तो म्हणाला, सरी अण्णा, ठीक आहे, बघतो. गल्लीतले सगळे भाऊबंद त्याने गोळा केले आणि सगळे मेट्रोने गेले महादेवपुराला.”

“तिकीट?” तळव्यामागून आवाज आला.

“उंदराला कोण विचारतंय! रात्रीत काम फत्ते. सकाळी मॅडम स्टेजवर, झगमगीत साडी. ‘काँग्रॅच्युलेशन्स’ म्हणायला तोंड उघडलं, तर बाहेर आलं ‘काँग्याच्युफेफन्फ’! आत एकही दात नाही. सोन्याने मढवलेली दाढसुद्धा नेली. पोरी हसल्या, त्यांच्या आया हसल्या. मी पहिल्या रांगेत खारे शेंगदाणे चावत होतो, मुद्दाम कडाकडा. मॅडमनी तोंडावर हात धरला, तो अजून काढलेला नाही. आणि ते सगळे दात उंदीरमामाने बिळात ओळीने मांडलेत, तुझ्या दोन दातांच्या शेजारी.”

वल्लरीच्या मांडीवरचे पावटे सांडले. हात खाली आला, तोंड हे एवढं उघडं.

“खोटं! अज्जा, सगळं खोटं! माझे दात बिळात नाहीतच. कंपासपेटीत आहेत. परत चिकटवायला ठेवले होते मी!”