‘झालं’ म्हणायची घाई

मी डिस्क बोलतेय, सर्व्हरच्या डब्यातली. बोलतेय कसली, कालपासून हळहळतेय. असं झालंच कसं?

एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत, कपाटाच्या खालच्या खणात माझा मुक्काम. आवाजाचं काम ताईचं, संगणकांचं तिच्या धाकट्या भावाचं. रेकॉर्डिंग थेट माझ्याकडे यायचं, दुसरीकडे प्रत नसायची. मी नीट लिहून घेतलं की मगच पडद्यावर ‘झालं’ उमटायचं. ते दिसलं रे दिसलं की ताई भिंतीवरचं मुख्य बटण बंद करून घरी निघायची. केवढा तो भरवसा!

परवा त्यांचे बाबा आले. घशाचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यानंतर आवाज जाणार होता. त्याआधी नातीसाठी एक गोष्ट आपल्या आवाजात ठेवायची होती. माईकची पहिली चाचणी मी लिहीतच होते, तोवर दुसरी सुरू झाली आणि बाबा वैतागले, “अगं, झालं का? हा तुझा डबा आहे की गोगलगाय?”

धाकटा ओशाळला. “बाबा, उद्या बघा कसा पळवतो!”

त्याने सेटिंग बदललं. आता सगळं आधी सर्व्हरच्या मेमरीत थांबणार, ‘झालं’ लगेच उमटणार आणि मी मागाहून लिहिणार. काम झपाट्याने होतं, खोटं कशाला बोलू? पण मेमरीतलं वीज असेपर्यंतच टिकतं. हे धाकट्याला ठाऊक होतं. ताईचं बटण मात्र त्याच्या ध्यानातच आलं नाही.

काल बाबांनी गोष्ट सांगितली. कोणती? मला काय माहीत! चटकन ‘झालं’ आलं. “बघा बाबा, आज किती लवकर!” म्हणत ताईने बटण बंद केलं. माझ्यापर्यंत एक शब्द पोचला नाही हो!

आज ऑपरेशन उरकल्यावर ताईने फाईल उघडली. नाव होतं, आत काहीच नव्हतं.

“अरे, झालं म्हणाला होता ना हा!” ती किंचाळलीच.

“तू लगेच बटण बंद केलंस?”

“रोजच करते की!”

“अगं, मग ते मेमरीतच राहिलं!” म्हणत धाकटा मला तपासायला लागला.

वेगाशी माझं वैर नाही. किरकोळ कामं खुशाल मेमरीत ठेवा. पण पुन्हा मिळणार नाही असं काही असेल, तर माझं लिहून होईपर्यंत थांबा ना!

दोघांनी मला पालथं घातलं. दुसरी चाचणी तेवढी सापडली. ताईने ती लावली, तशी तिची लेक धावत आली.

“अगं, झालं का? हा तुझा डबा आहे की गोगलगाय?”

पोरगी खुदकन हसली. “आजोबा! आई, परत लाव ना.”

ताईने डोळे पुसले आणि परत लावलं.