जर्मनची सायकल

"वाजवून घे गं. डोळ्याला कुणीबी फसवतंय, कानाला न्हाई फसवता येत."

अक्काचं हे वाक्य नीलम्माच्या कानात चाळीस वर्षं जसंच्या तसं राहिलं होतं. चाकूरच्या आठवडी बाजारात कुंभाराच्या पुढ्यात उकिडवी बसून अक्का एकेक माठ डाव्या हातावर तोलायची आणि उजव्या हाताच्या अंगठीनं त्यावर टिचकी मारायची. टणटणीत वाजला की बाजूला काढायची. बद्द वाजला की कुंभाराच्या तोंडाकडं नुसतं बघायची आणि होता तिथं ठेवून द्यायची. कुंभार म्हणायचा, "रुद्राणीबाई, तुमी आलात की मला घाम फुटतोय."

आई लवकर गेलेली. लहानग्या नीलम्माला वेणी घालण्यापासून लिंगपूजेला मांडी घालून बसवण्यापर्यंत सगळं या थोरल्या बहिणीनंच शिकवलं, आणि सायकलही तिनंच शिकवली. भाड्याची, तासावर आणलेली, नीलम्माच्या खांद्याएवढी उंच सायकल. मागं कॅरिअर धरून अक्का पळायची. पदर खोचलेला, तोंडानं अखंड हुकूम.

अक्काचं लग्न होऊन ती कंधारला निघाली तेव्हा नीलम्मा जीपच्या मागं रडत धावली. अक्कानं जीप थांबवली, खाली उतरली, तिचं नाक स्वतःच्या शालूनं पुसलं आणि म्हणाली, "रडतीस कशाला? सायकल येती न्हवं? ये की सायकलवर. कुणी आणून सोडायला नको. तुझी तू ये."

"येते," नीलम्मा म्हणाली होती.

पुढं नीलम्मा लातूरला दिली गेली, भुसार आडतीच्या घरात. कंधारला ती शंभरदा गेली असेल. एसटीनं, जीपनं, नवऱ्याच्या गाडीनं. बारशाला, लग्नाला, तेराव्याला. अक्कानं त्या शब्दाची आठवण कधी करून दिली नाही. फक्त एकदा दारात उभी राहून तिच्या मागच्या गाडीकडं बघत म्हणाली, "आणून सोडलं व्हय?" नीलम्मा हसली. हसायला नको होतं, असं तिला आता वाटत होतं.

कारण दोन वर्षांपूर्वी अक्काला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचं बोलणंच गेलं. जिच्या तोंडाला बाजार भ्यायचा, ती खाटेवर छताकडं बघत पडून राहिली. त्या दिवसापासून नीलम्मानं चहा सोडला. पहाटेची लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी नाही, हा नेम तर लहानपणापासूनचा. त्यात आता हा एक वाढला. देवापाशी तिनं मोठं काही मागितलं नव्हतं. अक्कानं एकदा "नीले" म्हणावं, एवढंच.

मागच्या आठवड्यात अक्काच्या सुनेचा, अक्षराचा फोन आला. "मावशी, आत्याबाई आता कधी वळखतात, कधी न्हाई. आधी तुमचं नाव घेतलं की हात दाबायच्या. परवा न्हाई दाबला. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर अवघड हाय. यायचं असंल तर लवकर या."

फोन ठेवून नीलम्मा बराच वेळ देवघरात बसली. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "मला सायकल घ्यायची हाय. कंधारला जायला."

गुरुपादप्पांनी पेपर खाली केला. "लोक या वयाला काशीला जातात. आमच्या घरातले सायकलच्या दुकानात जातात."

"दिवाळीपासून रोज सकाळी जुन्या सायकलीवर रिंगरोडला फेरी मारते मी. तुम्हाला काय वाटलं, वजन कमी करायला?"

"मला वाटलं माझ्या कटकटीपासून पळायला," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दुकान नोकरावर सोडून तिच्याबरोबर आले.

सायकलचं दुकान वरदचं. इंजिनिअर झालेला, पुण्याची नोकरी सोडून गावी आलेला तिशीचा मुलगा, सायकलविषयी बोलायला लागला की श्वास घ्यायचा विसरायचा. नीलम्मानं त्याला वाट सांगितली. पहिला मुक्काम चाकूरला भावाकडं, दुसरा अहमदपूरला मठात, तिसऱ्या दिवशी कंधार. मोठ्या सडकेनं नाही, ट्रकची भीती वाटते. शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांनी.

"मग काकू, तुम्हाला ग्रॅव्हल बाईकच पाहिजे," वरद म्हणाला.

"म्हंजे?"

"ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. कच्च्या रस्त्यावर चालणारी."

"मग मुरमाची सायकल म्हण की, बाळा."

त्यानं दोन सायकली पुढं आणून ठेवल्या. एक राखाडी, कोरी. दुसरी काळीभोर, चकचकीत, अंगावर कुठं जोड दिसत नव्हता. "ही ॲल्युमिनिअमची, नवी. ही कार्बनची, एका माणसानं वापरलेली. नांदेडच्या एका हौशी गृहस्थांनी विकायला ठेवलीय. दोन्ही साधारण एकाच भावात बसतील तुम्हाला."

नीलम्मानं राखाडी सायकलीवरून हात फिरवला. "म्हंजे ही जर्मनची."

"नाही काकू, तैवानची," वरद मोठ्या अभिमानानं म्हणाला.

गुरुपादप्पा एवढ्यानं हसले की बाहेरचा पंक्चरवाला आत डोकावला. "अरे, जर्मन म्हंजे जर्मन देश न्हाई! जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. तुझ्या आज्जीला विचार जा. ॲल्युमिनिअमला आमच्याकडं जर्मनच म्हणतेत."

वरदही हसला. नीलम्मा मात्र हसली नाही. तिच्या मनात एक अडलं होतं. जर्मनच्या भांड्यात तिनं कधी नैवेद्य शिजवला नव्हता. सासरी तर ती भांडी परसातच, धुण्याच्या पाण्याला. जे जाणं तिनं मनातून व्रतासारखं धरलं होतं, ते जर्मनवर बसून?

"आणि ही काळी? कार्बन म्हंजे कोळसाच न्हवं?"

"कोळशाच्या धाग्याचं कापड समजा. थरावर थर, मधे चिकट राळ, आणि साच्यात घालून भाजलेलं."

"गोधडीच की मग."

"हाव काकू, कडक गोधडी," वरद म्हणाला. "पण उचलून बघा."

तिनं उचलली. फुलाची परडी उचलावी तशी ती वर आली. दुकानामागं मोकळ्या प्लॉटांतून मुरमाचा रस्ता गेला होता, तिथं तिनं दोन्ही सायकली फिरवून बघितल्या. जर्मनची दणकट होती, पण प्रत्येक खडा मनगटाला येऊन सांगायची. काळीवर बसली आणि खडे जणू कुणी झाडून काढले. गुडघ्यांना भार कळेना. वारा कानाशी आला, ओढणी मागं उडाली, आणि तिला एकाएकी पाठीमागं कॅरिअर धरून कुणीतरी पळतंय असं वाटलं. तिनं मान वळवली. मागं रिकामा प्लॉट होता, बाभळीखाली एक शेळी.

डोळे पुसून ती परत आली. "हीच दे. काळी."

"झालं!" गुरुपादप्पा म्हणाले. "आता हळदीकुंकू लावा अन् चला घरी."

वरद कागद करायला वळला. नीलम्मा सायकलीपाशी उभी होती. हात सवयीनं गेला. भांडं असो, नारळ असो, घरात आणायचं म्हटलं की तो तसाच जायचा. बोटातली अंगठी तिनं काळ्या नळीवर हळूच आपटली. टक. थोडं पुढं. टक. आणखी पुढं. टक. खालची जाड नळी, पाण्याच्या बाटलीच्या खाली. बद्द.

तिनं पुन्हा मारली. बद्द.

"वरद, इकडं ये बाळा. हितं वेगळं बोलतंय हे."

"कार्बन तसंच वाजतं काकू, धातूसारखं नाही..."

"ते कळालं मला. पण हितं टक म्हणतंय अन् हितं बद्द म्हणतंय. एकाच अंगाचे दोन आवाज कशाला?"

वरदचा चेहरा उतरला. गल्ल्यातून एक नाणं घेऊन तो खाली बसला आणि नळीला कान लावून वाजवत गेला. मग त्या जागेवरचं स्टिकर नखानं सोलून काढलं, मोबाईलचा उजेड तिरपा धरला. रंगाखाली केसाएवढी रेघ होती, बोटाच्या पेराएवढी लांब.

"पडली होती ही," तो हळू आवाजात म्हणाला. "मला सांगितलं एकदाही पडली नाही. नाण्यानं वाजवून बघायची रीतच आहे काकू आमच्यात. मी स्टिकर चांगलं दिसलं अन् सोडून दिलं. कच्च्या रस्त्यावर एखाद्या खड्ड्यात मधूनच मोडली असती."

"बाहेरून एवढी देखणी," गुरुपादप्पा पुटपुटले.

नीलम्मानं तळहात त्या जागेवर ठेवला. वरून सगळं गुळगुळीत. मागच्या महिन्यात ती गाडीनं कंधारला गेली होती तेव्हा अक्काचा चेहराही असाच होता, पूर्वीसारखाच तकतकीत, केस विंचरलेले, कपाळावर विभूती. अक्षरानं कानाशी ओरडून सांगितलं, "नीलम्मा मावशी आल्यात!" अक्का नीलम्माच्या खांद्यावरून पलीकडं दाराकडं बघत राहिली. आत ती आहे की नाही, हे कळायला माणसाला कुठं वाजवून बघायचं? ते अक्कानं शिकवलं नव्हतं.

"दोन महिने थांबा काकू," वरद म्हणाला. "नवीकोरी कार्बन मागवतो. अगदी अशीच हलकी. तुमच्या गुडघ्यांना तीच बरी, खोटं नाही सांगत."

"थांब की," गुरुपादप्पा म्हणाले, आणि यावेळी त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "घ्यायची तर चांगली घे. तोवर मी उद्याच्या उद्या गाडीनं नेतो तुला अक्काकडं."

"गाडीनं गेले की मागच्या महिन्यात. बघितलं न्हाई तिनं माझ्याकडं."

"सायकलवर गेलीस तर बघणार हाय का?"

"ते मला ठाऊक न्हाई," नीलम्मा म्हणाली. "पण मी येते म्हणाले होते. तिच्यात ते उमजायला जागा शिल्लक हाय तोवर गेलं पाहिजे. दोन महिने मी थांबते हो. ती थांबंल का?"

गुरुपादप्पांनी खिशातला रुमाल काढला, बघितला आणि परत ठेवला.

ती राखाडी सायकलीपाशी गेली. अंगठीनं वरपासून खालपर्यंत वाजवत गेली. टण, टण, टण. मागच्या चाकाजवळ एका नळीला बारीकसा पोचा होता. "हे काय?"

"ट्रकमधून उतरवताना लागलं. दिसायला तेवढं आहे, ताकद गेली नाही. मी तपासलंय," वरद म्हणाला. मग स्वतःच ओशाळून, "तरी तुम्ही वाजवून बघा."

तिनं वाजवलं आणि तिला कंधारच्या घरची चूल आठवली. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती अक्काकडं स्टीलची भांडी घेऊन गेली होती, चकाकती, एकात एक बसणारे डबे. अक्का पोचे पडलेल्या पातेल्यात दूध तापवत होती. "अक्का, अजून जर्मनच?" नीलम्मानं नाक मुरडलं होतं. अक्कानं भांडी घेतली, माळ्यावर ठेवली आणि दुधावर फुंकर घालत म्हणाली, "जर्मन हलकं असतंय गं, लबाड नसतंय. पोचा पडला तर पडला म्हणून सांगतंय."

तेव्हा ते बोलणं तिला लागलं होतं. आज लागलं नाही. आज ते पुन्हा एकदा, त्याच आवाजात, समोरासमोर ऐकायला मिळावं म्हणून तिनं काहीही दिलं असतं.

"ही दे," ती म्हणाली. "हिच्यावर जाते."

वरदनं तिच्यासाठी जाड टायर घातले. "हवा जरा कमी ठेवू, म्हणजे मनगटाला झटके कमी लागतील. आणि काकू, खडा चुकवत बसू नका. हात सैल सोडा, ती जाते बरोबर."

चार दिवस तिनं सराव केला. तळहात सुजले, मांड्या भरून आल्या. घरात सायकलीचं नावच "जर्मन" पडलं. "तुझं जर्मन दारात आडवं आलंय," "तुझ्या जर्मनला पाणी पाजलंस का?" असं दिवसभर चालायचं. अक्षराला काही कळवायचं नाही, असं नीलम्मानं बजावून ठेवलं. कळलं असतं तर अक्षरानं स्वतःच्या नवऱ्याला गाडी घेऊन समोर पाठवलं असतं.

जायचा दिवस तिनं सोमवार धरला.

"उपास करून चाकूरपर्यंत सायकल मारणार?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"खजूर चालतंय उपासाला."

"तुला चालतंय. जर्मनला विचारलंस का?"

सोमवारी तांबडं फुटायच्या आधी तिची आंघोळ झाली. लिंग तळहातावर घेतलं, पाणी घातलं, विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं. रोज ती अक्कासाठी काहीतरी मागायची. आज तळहाताकडं बघत बसली आणि काही मागितलं नाही. जे करायचं होतं ते आता तिच्याच पायांत होतं. लिंग चांदीच्या डबीत ठेवून डबी गळ्यात घातली, वरून ओढणीची गाठ मारली, घोटभर पाणी प्याली.

सायकल बाहेर काढताना मागचं चाक तिनं उचलून धरलं, टिकटिक होऊन कुणी जागं होऊ नये म्हणून. पण फाटक आधीच उघडं होतं. गुरुपादप्पा गंजीफ्रॉकवर उभे होते. निघणाऱ्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये, मागून हाक मारू नये, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी फक्त पुढच्या टायरवर अंगठा दाबून हवा बघितली आणि बाजूला झाले.

गंजगोलाईच्या बाजारात फुलवाल्यांनी नुकतीच झेंडूची पोती सोडली होती. ओळखीच्या एका म्हाताऱ्यानं तिला सायकलीवर बघून डोळे बारीक केले. "नीलम्मा? एवढ्या सकाळच्या पारी, एकटीच, कुणीकडं?"

"बहिणीकडं," ती म्हणाली, आणि न थांबता पुढं गेली.